दहा उभ्या, एक आडवी

गाव आमचं नगरकडचं, नाव लिहून काय करता ताई, आता तिथं आमचं कोणी राहिलं नाही. गाव लहान पण देवळं दोन, आणि दोन्ही येशूचीच. ओढ्याच्या अलीकडं आमचं मिशनचं देऊळ, दगडी, कौलारू, आत बाकं आणि एक लाकडी क्रूस, बाकी काही नाही. ओढ्याच्या पलीकडं फादरांचं, तिथं मेणबत्त्या, उदबत्तीसारखा धूर, आणि कोनाड्यात निळ्या झग्यातली मरिया. रविवारी दोन्हीकडच्या घंटा वाजायच्या आणि आधी कुणाची वाजते ह्याच्यावर दोन्ही घंटावाल्यांची चुरस, ते ह्या रविवारी जरा लवकर तर हे पुढच्या रविवारी त्याच्याआधी, असं करता करता उपासना इतकी सकाळी व्हायला लागली की बायांच्या भाकऱ्या तव्यावर राहायच्या. शेवटी दोन्हीकडच्या बाया एक झाल्या आणि घंटावाल्यांना म्हणाल्या, दोघं मिळून या भाकरी थापायला. मग थांबलं ते.

माझा बाप मिशनच्या मंडळीत पंच. सही करायला शिकलेला, बाकी सगळं कानानं पाठ. त्याचं एक म्हणणं होतं, देव आणि माणूस यांच्यामधी एकच जण, येशू, तिसऱ्याला तिथं जागा नाही. मरिया भली बाई, येशूची आई, मान द्यायचा, पण मागायचं तिच्याकडं नाही. हे त्यानं माझ्या डोक्यात असं ठोकलं की ते अजून आहे, आज पण आहे, खोटं कशाला बोलू. तुम्ही पुढचं ऐकून म्हणाल म्हातारा बदलला. बदललो नाही. नीट लिहा ते.

चौथी झालो आणि शाळा सुटली. अठराव्या वर्षी पुण्याला आलो, मार्केट यार्डात, कांदा-बटाट्याच्या बाजूला हमाल. पाठीवर पोतं, हातात पोतं ओढायचा लोखंडी आकडा, खांद्याला टॉवेल, असं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं हमाल म्हंजे नुसतं उचलायचं आणि टाकायचं. तसं नसतं. थप्पी लावायला डोकं लागतं. सगळी पोती एकाच दिशेला टाकत गेलात तर थप्पी छातीपर्यंत येते आणि ढळते, माणूस खाली असला तर संपला. म्हणून काही पोती उभी झाली की एक आडवं टाकायचं, पुन्हा उभी, पुन्हा आडवं. आडवं पोतं बाकीच्यांना धरून ठेवतं. माझी थप्पी कधी ढळली नाही, विचारा यार्डात कुणालाही. म्हंजे आता कुणाला विचाराल, माझ्या वेळचे सगळे गेले.

तर फिलोमिना. माझी बायको. आम्ही फिलू म्हणायचो. गेली, आता वर्ष होईल. ओढ्यापलीकडची, फादरांकडची. आत्यानं जमवलं. माझा बाप आडून बसला, मग अट घातली, मुलगी आमच्या मंडळीत येईल, आमच्या देवळात लग्न होईल, आणि घरात मूर्ती नाही, फोटो नाही, माळ नाही. तिच्या घरच्यांना राग आला पण आमची रक्ताची नाती जुनी, देवळं दोन झाली त्याच्या आधीची, म्हणून झालं लग्न. तिचा थोरला भाऊ मार्टिन तेव्हाच मला म्हणाला, पाव्हणं, बहीण देतोय, आई काढून घेताय तुम्ही तिची. मी म्हटलं, आई तुमची घरी बसलीय की चुलीपुढं. त्याला कोणती आई म्हणायचंय ते मला कळलं होतं. तरी बोललो. असाच आहे मी.

लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पेटीत जपमाळ सापडली. काळ्या मण्यांची, मणी झिजलेले, तिच्या आजीची होती. मी काही ओरडलो नाही. रुमालात बांधली, मार्टिन निघाला होता त्याच्या हातात दिली, म्हटलं, ही आमच्याकडं चालायची नाही, घेऊन जा. त्यानं घेतली. फिलू दारात उभी होती. काही बोलली नाही. मला वाटलं, झालं, मिटलं. तुम्हाला सांगतो, बाई बोलली नाही की पुरुषाला वाटतं मिटलं.

मार्टिन नंतर पुण्यालाच कामाला आला, वडगाव शेरीला राहायला, तरी किती तरी वर्षं तो माझ्या घरचं पाणी प्यायला नाही. यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून बहिणीशी बोलायचा आणि जायचा. मी आत बसून मुद्दाम मोठ्यानं बायबल वाचायचो, तेही अडखळत, तो बाहेरून चुकलेला शब्द दुरुस्त करायचा. असं आमचं नातं.

बिबवेवाडीत आमची एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. दुपारी पडवीत ऊन यायचं आणि फिलू तिथं बसायची शेंगा सोलत. यार्डात असा रिवाज होता, पोतं फुटलं आणि खाली सांडलं की ते हमालाचं, म्हणून थंडीत माझ्या टॉवेलात रोज मटार. मटार नसले तर पावटा, पावटा नसला तर भुईमुगाच्या शेंगा, अगदीच काही नसलं तर लसूण. मी टॉवेल सोडायचो तिच्यापुढं आणि भिंतीला टेकून पडायचो, पहाटेपासूनची पाठ मोडलेली, डोळा लागायचा. अर्धवट झोपेत मला दिसायचं, फिलू सोलतेय, ओठ हलतायत जसे काम करताना बायांचे हलतात, आणि शेंगेचं टरफल ती फेकत नाही, समोर फरशीवर मांडतेय. एकाशेजारी एक, दहा उभी. मग एक आडवं. मग परत दहा उभी, एक आडवं. उन्हात ती हिरवी टरफलं पाण्यासारखी हलायची माझ्या डोळ्यांपुढं, आणि मी झोपेत जायचो तर तिथंही हिरवंच, ओढा असायचा, ओढ्यात टरफलं वाहत चाललेली, एकामागं एक, होड्यांसारखी, आणि कुणीतरी पलीकडच्या काठावर हळू आवाजात काहीतरी मोजतंय. अशी गोड झोप मला पुन्हा कुठं लागली नाही.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला वाटलं बाई माझी थप्पी शिकली. खरंच. दहा उभ्या, एक आडवी, हमालाचीच रीत ना ही. मला इतकं कौतुक वाटलं की मी यार्डात सांगत सुटलो, माझी बायको शेंगांची पण थप्पी लावते. लोक हसायचे, म्हणायचे, वहिनींना घेऊन या शांतवन, एका माणसाची जागा रिकामी आहे. मी घरी येऊन तिला सांगितलं तर ती पण हसली, तोंडाला पदर लावून, लई वेळ हसली. म्हणाली, हो, तुमच्याकडूनच शिकले.

एकदा मी उठलो आणि केरसुणी घेऊन सगळी टरफलं गोळा केली, म्हटलं, हिला मदत करावी. तिसरी ओळ चालू होती. तिनं हात धरला माझा, उशीर झाला होता. उरलेले मटार ओढले आणि पहिल्यापासून मांडायला बसली. त्या दिवशी रस्सा कमी आणि मटारच जास्त, वर जेवायला उशीर, मी चिडलो, म्हटलं, अगं किती सोलशील, गाव जेवायचंय का. ती म्हणाली, मोडलं की परत मांडावं लागतं, तुम्हीच म्हणता ना थप्पीचं.

आणि देवळात माझ्याबरोबर यायची, दर रविवारी, चुकली नाही. गीतं म्हणायची, प्रभुभोजन घ्यायची, बायांच्या संघात खजूर-लाडू करायची. फक्त एक. प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी मोठ्यानं म्हणते, तर वाइटापासून सोडव म्हणून जिथं येतं, तिथं ही गप्प व्हायची. त्याच्यापुढं आम्ही म्हणतो, राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, ते ही म्हणायची नाही. मला वाटायचं हिचा दम पुरत नाही. मी कोपरानं ढोसायचो, ती गोड हसायची. म्हणायची, तुम्ही म्हणता ना, दोघांचं एकच.

एकच मुलगी आम्हाला, राहेल. कोथरूडला दिली, शिकवण्या घेते. जावई तिसऱ्याच मंडळीतला. ते हॉल भाड्यानं घेतात, टाळ्या वाजवतात, गिटार वाजवतात. तिथं तिला परत बाप्तिस्मा दिला, पाण्यात बुडवून. मी म्हटलं, लहानपणी तुझ्या डोक्यावर पाणी टाकलं ते काय नळाचं होतं म्हणून चाललं नाही का. राहेल सहा महिने बोलली नाही माझ्याशी. फिलू मात्र गेली होती त्या बुडवण्याला, घरून टॉवेल घेऊन. मला न सांगता. पोरगी पाण्यातून वर आली तर डोकं पुसायला कुणी पाहिजे ना, म्हणाली.

मागच्या थंडीत फिलूचं हृदय थकलं. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता तिला तिच्या माणसांत राहू द्या. घरी आणली. पडवीत खाट टाकली, ऊन यायचं तिथंच. एके दिवशी मला म्हणाली, अहो, एक मागू का. म्हटलं, माग. म्हणाली, फादरला बोलवाल का, शेवटचं तेल लावून घ्यायचंय, कबुली द्यायचीय. मी म्हटलं, आपले पाळकसाहेब येतायत ना उद्या, त्यांच्यापुढं काय ती प्रार्थना कर, आणि कबुली कसली, तू कुठं काय केलंस. ती म्हणाली, बरं. एवढंच. डोळे मिटून घेतले.

त्या बरंचा आवाज ताई मला अजून येतो. भिंतीला टेकलो की येतो.

दुसऱ्या दिवशी तिचं मन रमावं म्हणून मी मटार आणले. यार्ड सोडून मला बरीच वर्षं झाली, पण गेलो, ओळखीच्या एकानं ओंजळभर दिले. तिच्या छातीवर ताट ठेवलं. तिला सोलता येत नव्हतं, बोटात जोर नाही, तशाच अख्ख्या शेंगा ती मांडत बसली. दहा उभ्या. आडवी ठेवताना ती हातातून घसरून खाली पडली. मी उचलून उभ्यांच्या ओळीत ठेवली. राहेल आली होती कोथरूडहून, ती म्हणाली, पप्पा, तशी नको, ती आडवी असते. मी म्हटलं, मला शिकवतेस थप्पी. तर ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, पप्पा, तुम्हाला खरंच माहीत नाही. म्हटलं, काय. म्हणाली, ती जपमाळ आहे मम्मीची. दहा शेंगा म्हंजे दहा वेळा नमो मरिया, आडवी आली की प्रभूची प्रार्थना, अशा पाच ओळी. मला शाळेत होते तेव्हापासून ठाऊक आहे.

सेहेचाळीस वर्षं. माझ्या डोळ्यांपुढं, माझ्या घरात, रोज. आणि मी यार्डात कौतुक सांगत फिरलो.

मी उठलो आणि निघालो. चपला कुठल्या घातल्या ते पण पाहिलं नाही. राग म्हणावा तर राग, लाज म्हणावी तर लाज. चालत चालत पाय गेले ते यार्डातच, त्यांना दुसरा रस्ता ठाऊक नाही. गाळ्यात पोरं पोती लावत होती. एकानं ओळखलं, म्हणाला, बाबा, बसा. बसलो पोत्यावर. वरून कवडसा पडलेला, धूळ उडतेय, धुळीत ऊन, आणि पोती चाललीत माणसांच्या पाठीवरून, एक उभं, एक उभं, एक उभं, मला गुंगीच आली बघून. वाटलं फिलू तिथंच कुठं बसलीय थप्पीच्या मागं, ओठ हलवत. मग एकानं आडवं पोतं टाकलं, धप आवाज झाला आणि मी जागा झालो. म्हटलं, शांतवन, आयुष्यभर तू हे केलंस, आडवं पोतं कधी थप्पीच्या बाहेरचं समजलास का. बाईनं तुझ्या देवळात बसून तुझी गीतं म्हटली, तुझ्या पोरीचं डोकं पुसलं तिसऱ्याच मंडळीत जाऊन, आणि तू तिला एक फादर देत नाहीस.

तसाच गेलो फादरांच्या देवळात, कॅम्पाच्या बाजूला, रिक्षा करून. आत पाऊल टाकायला मला वेळ लागला, खरं सांगतो. फादर तरुण होता, वसईकडचा, कुंड्यांना पाणी घालत होता. मला म्हणाला, आजोबा, कुठल्या मंडळीचे. म्हटलं, तुमच्या नाही. म्हणाला, मग. मी सगळं सांगितलं, माळ परत पाठवली ते सांगितलं, शेंगांचं सांगितलं. तो ऐकत होता, हातातला पाइप तसाच, कुंडी भरून वाहायला लागली. मग आत गेला, तेलाची डबी घेतली, स्कूटरची किल्ली घेतली. मी म्हटलं, एक आधीच सांगतो, मी मरियेपुढं हात जोडणार नाही, मला पटत नाही. तो म्हणाला, मी कुठं म्हटलं जोडा, तुम्ही फक्त गल्ली सांगा. आयुष्यात पहिल्यांदा फादरच्या मागं बसलो स्कूटरवर. झगा उडून माझ्या तोंडावर येत होता.

घरी आलो तर आमचे पाळकसाहेब आधीच बसलेले. पडवी एवढीशी, खाटेच्या एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला फादर, मधी फिलू, आणि मी दारात. म्हटलं, आता इथं जुंपते. पाळकसाहेबांनी तेलाची डबी बघितली, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी बोलावलंय, बोलायचं ते मला बोला. ते उठले, स्वतःचा स्टूल उचलला आणि फादरपुढं ठेवला. म्हणाले, बसा फादर, उभ्यानं पाठ दुखेल. फादर म्हणाले, तुम्ही आधी प्रार्थना करा. पाळक म्हणाले, माझी झालीय, ती जागी नव्हती तेव्हा, आता तिनं तुम्हाला बोलावलंय. आणि आम्हा सगळ्यांना घेऊन बाहेर गल्लीत आले, कबुली एकटीची असते म्हणून. गल्लीत उभं राहून मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे पटतं का. ते म्हणाले, नाही पटत. मग विचारलं, मग स्टूल का दिला. म्हणाले, शांतवनराव, माझं न पटणं माझ्यापाशी, त्यासाठी माणसाला उभं कशाला ठेवायचं.

आत गेलो तर फिलूच्या कपाळावर तेल चमकत होतं. मला म्हणाली, अहो, फादरला चहा दिला का. म्हंजे सगळं ठीक होतं.

त्यानंतरचे दिवस काय सांगू तुम्हाला, किती ते मी मोजले नाहीत. दुपार झाली की मी खाटेशी बसायचो, ताट मांडीवर, आणि एक एक शेंग तिच्या हातात द्यायचो. ती ओठ हलवायची, शेंग मला परत द्यायची, मी मांडायचो उभी. नमो मरिया मी म्हणत नव्हतो. ती पण म्हणा म्हणाली नाही. माझं काम शेंग द्यायचं. पण आडवी शेंग आली की ती प्रार्थना माझ्या बापाची पण होती, माझी पण होती, ती मी मोठ्यानं म्हणायचो, तिच्याबरोबर. वाइटापासून सोडवपाशी ती थांबायची. मी पुढं, राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, आणि ती वाट बघायची माझी, जशी बाई बाजारातून पिशवी घेऊन पुढं येते आणि नवरा मागं राहिला म्हणून वळून उभी राहते. मी आमेन म्हटलं की तिचं परत सुरू. तेव्हा मला कळलं, देवळात तिचा दम पुरत नव्हता असं नव्हतं. त्यांच्यात ती प्रार्थना तिथंच संपते. रोज ती आपली संपवून माझी संपायची वाट बघत बसली होती.

एकदा विचारलंच मी, फिलू, मी तुझी माळ काढून घेतली, तुला राग नाही आला. ती कुठंतरी लांब बघत होती, पडवीच्या पत्र्याकडं, पत्र्यावर उन्हाचे कवडसे होते. म्हणाली, आला होता, पहिल्या वर्षी. मग म्हणाली, पण अहो, माळ तुम्ही घेतलीत, आणि शेंगा पण रोज तुम्हीच आणत होता की.

हातातली शेंग मांडायची राहिली. दुसरी शेंग द्यायचं पण सुचेना. तिनं हात पुढं केला, म्हणाली, द्या.

पुरण्याचं पण तिनंच सांगून ठेवलं. मार्टिनचं म्हणणं होतं, आमच्या कबरस्तानात, तिच्या आईबापाच्या रीतीनं. तो आला होता रोज, पण उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचा, जुनी सवय. तिनं आतून सांगितलं, दादा, मला ह्यांच्या शेजारी जागा ठेवा, ह्यांच्याकडच्या कबरस्तानात. मार्टिन म्हणाला, तिथं मरियेचं नाव कोण घेणार. ही म्हणाली, मरियेला रस्ता ठाऊक आहे, तू काळजी करू नको.

गेली ती सकाळी, ऊन नुकतं पडवीत येत होतं. तिनं शेंगा मागितल्या, मी म्हटलं, दुपारी घेऊ, म्हणाली, आताच. तिसऱ्या ओळीत सातवी शेंग माझ्या हातात दिली आणि आठवी घ्यायला हात पुढं आला नाही. मी आठवी धरून बसलो. किती वेळ बसलो. राहेल रडायला लागली तेव्हा कळलं. तीन शेंगा उरल्या होत्या. त्या मला म्हणता येत नव्हत्या. पटत नाही ते मी तिच्या उशाशी बसून खोटं म्हणणार नव्हतो, आणि मोडून पण ठेवणार नव्हतो. मार्टिन बाहेर खुर्चीवर. मी म्हटलं, मार्टिन, आत या. तो आत आला, सेहेचाळीस वर्षांनी. ताट त्याच्यापुढं धरलं, म्हटलं, तीन राहिल्यात, तुम्ही पुऱ्या करा. त्यानं बहिणीच्या पायाशी बसून तीन नमो मरिया म्हटले, रडत, आणि मी ताट धरलं. आडवी शेंग आली. ती मी म्हटली. तो सोडवपाशी थांबला आणि माझी वाट बघितली त्यानं. मग राहिलेल्या दोन ओळी पण आम्ही तशाच केल्या.

तिला शवपेटीत ठेवताना मार्टिननं खिशातून रुमाल काढला. माझाच रुमाल, मी बांधून दिलेला, गाठ पण तीच. त्यानं कधी सोडली नव्हती. गाठ सुटेना, मग मी दातानं सोडवली. काळी माळ तिच्या बोटांत घातली. देवळात पेटी आली तर एक पंच पुढं येऊन म्हणाले, शांतवनराव, हे इथं चालत नाही. माझ्या बापाचाच आवाज ऐकला मी. म्हटलं, ठाऊक आहे, पहिल्यांदा मीच चालू दिलं नव्हतं, तुम्ही बसा खाली. ते बसले. मंडळीनं प्रार्थना म्हटली, राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, आणि मागच्या बाकापाशी मार्टिन आणि त्याची माणसं गप्प उभी, आमची वाट बघत. राहेलचा नवरा डोळे मिटून हात वर करून उभा. मी तिन्ही मंडळींकडं बघितलं. कुणी कुणाला ढोसत नव्हतं.

आता मार्टिन येतो रविवारी दुपारी, वडगाव शेरीहून बसनं. पाणी पितो, चहा पितो, मग भांडतो. म्हणतो, पाव्हणं, एक शेंग तरी म्हणा मरियेची, बहिणीसाठी. मी म्हणतो, म्हणणार नाही, तुम्हीच राज्य-सामर्थ्य म्हणा एकदा. तो म्हणतो, तुमचं जरा लांबतं. असं आमचं चालतं, तो ऐंशीचा, मी पंचाहत्तरीला आलेला, आता कोण बदलतंय.

परत मटार आलेत. मी आणतो थोडे, एकटा माणूस, खातो कोण, शेजारी देऊन टाकतो. पण सोलतो पडवीत बसून. तिची जागा रिकामी ठेवतो, मी आपला भिंतीपाशी. दहा टरफलं उभी मांडतो, गप्प बसून, ती तिची. तेवढा वेळ मी नुसता थांबतो, जशी ती माझ्यासाठी थांबायची. ऊन अंगावर येतं, डोळा लागतो, ओढा दिसतो, हिरव्या होड्या, आणि पलीकडं कोण ते आता मला ठाऊक आहे. दहावी झाली की जाग येते. मग आडवी ठेवतो आणि माझी म्हणतो.

तुम्ही कुठल्या मंडळीच्या ताई, ते मी विचारलं नाही. राहू द्या. ह्या शेंगा घेऊन जा घरी, पोरांना उसळ करा. देव तुमचं भलं करो, तुम्ही त्याला ज्या नावानं हाक मारता त्या नावानं.